‘मशीन घेत नाहीये, उद्या या’

हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या तालुक्यात सापडणार नाही. दाखल्यासाठी रोजगार बुडवून आलेली बाई ते ऐकते आणि एसटी पकडून परत जाते. आपण सर्व्हरला शिव्या देतो, नाहीतर ऑपरेटरला. दरवेळी दोष त्यांचाच नसतो. कधीकधी दोष ड्रायव्हरचा असतो. गाडीच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन यांचं म्हणणं तो कॉम्प्युटरला समजावून सांगतो. पण हा दुभाषा एका ठराविक जातीच्या प्रोसेसरसाठीच तयार केलेला असतो. आपल्या ऑफिसांतले बहुतेक कॉम्प्युटर इंटेल किंवा एएमडीचे, म्हणजे एक्स८६ जातीचे. मोबाइलमध्ये असतो एआरएम. २०२४ पासून एआरएमवर चालणारे नवे विंडोज लॅपटॉपही बाजारात आले. बॅटरी चांगली टिकते, लोक घेतायत.

गंमत पुढे आहे. जुने प्रोग्रॅम या लॅपटॉपवर बऱ्यापैकी चालतात, कारण विंडोज त्यांचं आतल्या आत भाषांतर करतं. ड्रायव्हरला ही सवलत नाही. तो सिस्टिमच्या गाभ्यात बसतो, त्यामुळे एआरएमसाठी वेगळा बनवलेलाच लागतो. कंपनीने तो दिला नसेल तर चांगलं चालणारं मशीन शोभेची वस्तू. माझ्या ओळखीच्या एका केंद्रचालकाने कर्ज काढून असा लॅपटॉप घेतला. अंगठ्याचं मशीन बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं, ‘नवीन मॉडेल घ्या.’

हे पहिल्यांदा होत नाहीये. ३२ बिटचे ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजने घेतले नाहीत, तेव्हाही धडधाकट प्रिंटर-स्कॅनर भंगारात गेले.

आता उलट बाजू बघा. पेन ड्राइव्ह, माउस, कीबोर्ड कुठेही लावा, चालतात. कारण ते सगळ्यांनी मान्य केलेल्या यूएसबीच्या मानकावर बनतात. लिनक्समध्ये ज्या ड्रायव्हरचा सोर्स कोड खुला आहे, तो दुसऱ्या प्रोसेसरसाठी पुन्हा कंपाइल करता येतो, बहुतेकदा फारशी डोकेफोड न करता. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची कमी आणि कुलूपबंद कोडची, खरेदीच्या अटींची जास्त.

कंपन्या म्हणतील, प्रत्येक प्रोसेसरसाठी ड्रायव्हर बनवायचा, तपासायचा, खर्च येतो. येतोच. पण तो खर्च टेंडरच्या किमतीत एकदा धरता येतो. नाहीतर तोच खर्च त्या बाईच्या बुडालेल्या रोजातून आणि केंद्रचालकाच्या हप्त्यातून वसूल होतो, फक्त कुठल्या हिशोबात दिसत नाही.

आणि आपण स्वदेशी चिपच्या गप्पा मारतो. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’, सी-डॅकचा ‘वेगा’ हे आरआयएससी-व्ही या तिसऱ्याच जातीचे प्रोसेसर. काम अभिमानाचं आहे. पण उद्या असा कॉम्प्युटर पंचायतीत आला आणि प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन यांचे ड्रायव्हर फक्त एक्स८६ विंडोजचे असले, तर? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सरकारी पैशातून घेतलेल्या प्रत्येक यंत्राच्या टेंडरमध्ये तीन अटी असाव्यात.

१. जिथे सर्वमान्य मानक आहे, तिथे मानक पाळणारंच यंत्र घ्या.
२. किमान एक्स८६ आणि एआरएम, दोन्हींचे ड्रायव्हर द्या, आणि यंत्राचं ठरलेलं आयुष्य संपेपर्यंत अपडेट करा.
३. ड्रायव्हरचा सोर्स कोड खरेदीच्या वेळीच त्रयस्थाकडे ठेवा. कंपनी बंद पडली किंवा तिने हात वर केले, तर तो खरेदीदाराला मिळावा.

माहितीच्या अधिकारात टेंडरच्या अटी मागवता येतात. आपल्या पंचायतीने, नगरपालिकेने शेवटची यंत्रखरेदी कुठल्या अटींवर केली, ते मागवून बघा. मीही अर्ज टाकतोय. तुम्हाला काय उत्तर मिळतं ते कॉमेंटमध्ये नक्की लिहा.