संदर्भ : क्रमांकाचा की नावाचा?

कोलकात्यात १८३४ ते १८३९ या काळात महाभारताची पहिली संपूर्ण मुद्रित आवृत्ती निघाली. तीत श्लोकांचे क्रमांक पर्वाच्या आरंभापासून सलग चालतात. मुंबईच्या आवृत्तीत ते प्रत्येक अध्यायात नव्याने सुरू होतात. एकाच श्लोकाला असे दोन पत्ते झाले. सोरेन्सेनच्या १९०४ पासून प्रसिद्ध झालेल्या नामसूचीला या दोन आवृत्त्या व प्रतापचंद्र रॉय यांनी कोलकात्याहून काढलेला इंग्रजी अनुवाद यांचे तुलनाकोष्टक जोडावे लागले. पुढे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. प्रक्षिप्त ठरलेले श्लोक तळटीपांत व परिशिष्टांत गेले आणि क्रमांक पुन्हा बदलले. पाठ शुद्ध झाला; जुने संदर्भ मात्र कोष्टकावाचून निरुपयोगी ठरले.

याचे कारण उघड आहे. क्रमांक स्थान सांगतो, ओळख सांगत नाही. मराठी विश्वकोशाने दुसरा मार्ग धरला. १९७६ मध्ये निघालेल्या पहिल्या खंडापासून तेथील ‘पहा’ हा निर्देश नोंदीच्या शीर्षकाकडे बोट दाखवतो, पृष्ठाकडे नव्हे. म्हणूनच कोश महाजालावर आला तेव्हाही ते निर्देश अर्थपूर्ण राहिले.

आजचा प्रबंधलेखक यांपैकी कोणाचा कित्ता गिरवतो? बहुधा पहिल्याचा. ‘चौथे प्रकरण पहा’ असे तो हाताने टंकलिखित करतो. परीक्षकाने मध्ये एक प्रकरण घालावयास सांगितले की पुढचे सगळे निर्देश चुकतात, आणि त्यांतील काही तसेच छापले जातात. साध्या मजकुरातच खुणा घालून लिहिण्याच्या पद्धतीत यावर उपाय आहे. लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात रचलेल्या लाटेकमध्ये आकृतीला किंवा प्रकरणाला लेखक एक नाव देतो व अन्यत्र त्या नावाचाच उल्लेख करतो. क्रमांक जुळणीच्या वेळी यंत्र भरते. नाव सापडले नाही तर तेथे प्रश्नचिन्हे उमटतात. २००४ मध्ये आलेले मार्कडाउन लिहावयास सोपे असले, तरी मुळात त्यात ही सोय नाही. पॅनडॉकसारख्या परिवर्तकाला पूरक साधन जोडून ती करावी लागते.

परकीय साधन मराठीत जसेच्या तसे चालेल, असे मात्र समजू नये. इंग्रजीत यंत्राने ‘आकृती’ हा शब्द आणि अंक दोन्ही भरले तरी वाक्य बिघडत नाही. मराठीत ‘आकृतीत’, ‘प्रकरणाच्या’, ‘पाचव्या प्रकरणात’ अशी रूपे होतात. विभक्ती यंत्राच्या हाती देता येत नाही. तेव्हा यंत्राने केवळ अंक पुरवावा, तोही देवनागरी, आणि शब्द लेखकाने लिहावा. ‘प्रकरण ५ मध्ये’ अशी रचना त्यास सोयीची आहे. बंगाली लेखकालाही ‘अध्याये’ हे सप्तमीचे रूप असेच स्वतः लिहावे लागेल.

नावे देण्यास शिस्त लागते, ती जाचक वाटते, हा आक्षेप खरा आहे. छापील पानावर वाचकाला अखेर अंकच हवा असतो, हेही खरे. पण तो अंक लेखनाचा आधार असू नये, फलित असावे. भारतीय भाषांच्या विभागांनी प्रबंधांच्या नियमावलीत समासांची रुंदी सांगण्यापूर्वी एवढे सांगावे. नव्या पाठावृत्त्या आज सिद्ध होत आहेत. त्यांच्या संपादकांनी प्रत्येक पद्याला व परिच्छेदाला आरंभीच स्थिर नाव दिले, तर पुढच्या संशोधकाला नवे तुलनाकोष्टक रचीत बसावे लागणार नाही.