२ लाख किलोमीटर पळालेली हायब्रिड गाडी घ्यावी का? भद्रावतीत मीटरच्या आधी धूळ आणि ऊन बघावं लागेल

भद्रावतीहून नागपूर साधारण सव्वाशे किलोमीटर. दवाखाना असो, विमानतळ असो की ताडोब्याचे पर्यटक असोत, टॅक्सीवाल्याची एक फेरी जाऊन-येऊन २५० किलोमीटरची. महिन्यात २५ फेऱ्या धरल्या तर सव्वादोन वर्षांच्या आत मीटर १ लाख ६० हजारांवर जातं.

हा आकडा महत्त्वाचा आहे. कारण टोयोटा आणि होंडा भारतात हायब्रिड बॅटरीला वॉरंटी देतात ती ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तेवढीच. म्हणजे जास्त पळालेली गाडी सेकंडहँड बाजारात येते तेव्हा ती दिसायला नवी असते, पण बॅटरीची वॉरंटी संपलेली असू शकते. मग घेणारा विचारतो, "बॅटरी गेली तर?"

भारतात याचं थेट उत्तर मिळणं अवघड आहे. होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आली, टोयोटाची प्रियस २०१० मध्ये, पण किमतीमुळे दोन्ही रस्त्यावर फारशा दिसल्याच नाहीत. सिटी हायब्रिड, हायरायडर, ग्रँड विटारा, हायक्रॉस ही सगळी मंडळी २०२२ ची. आपल्याकडच्या हायब्रिड अजून म्हाताऱ्या व्हायच्या आहेत.

बाहेर मात्र त्या होऊन गेल्यात. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या संस्थेने २०११ मध्ये २ लाख मैलांहून जास्त, म्हणजे सुमारे ३ लाख ३० हजार किलोमीटर पळालेली २००२ ची प्रियस तपासली. बॅटरी मूळचीच होती. दहा वर्षांपूर्वी जवळपास नव्या प्रियसने लिटरला सुमारे १७.३ किलोमीटर दिले होते, या जुन्या गाडीने १७.२ दिले. (तिकडे 'हाय मायलेज' म्हणजे खूप पळालेली गाडी. आपल्याकडे मायलेज म्हणजे ॲव्हरेज. इथे दोन्ही अर्थ जुळून आले.)

हे कसं जमतं? हायब्रिडची बॅटरी मोबाईलसारखी शून्यापासून शंभरपर्यंत वापरली जात नाही. गाडीचा कॉम्प्युटर तिला मधल्या पट्ट्यातच खेळवतो, पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण उतरूही देत नाही. त्यामुळे ती कमी थकते. टोयोटाच्या पद्धतीत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, म्हणून ब्रेकपॅडही जास्त टिकतात. शिवाय गाडी चालू असताना इंजिन बऱ्याचदा बंद असतं. मीटरवर २ लाख दिसले तरी इंजिन तेवढं फिरलेलं नसतं.

पण सगळ्याच हायब्रिड अशा निघाल्या नाहीत. अमेरिकेत सिव्हिक हायब्रिडच्या बॅटऱ्या लवकर जात असल्याच्या तक्रारी झाल्या. कंपनीने सॉफ्टवेअर बदललं, तर ॲव्हरेज पडल्याची ओरड झाली. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१२ मध्ये तडजोड झाली. नुसतं 'हायब्रिड' हे नाव बघून भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

आणि भद्रावतीची गोष्ट वेगळी आहे ती इथल्या हवेमुळे. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यात माजरी, घुग्गुसकडच्या वेकोलिच्या खाणी आणि कोळशाचे ट्रक. बॅटरीला किलोमीटरपेक्षा उष्णता जास्त म्हातारी करते. यातल्या बहुतेक गाड्यांत ती थंड ठेवायला एक पंखा केबिनमधलीच हवा ओढतो. अनेक मॉडेलमध्ये त्याची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिथे काळी धूळ साचली, किंवा कुणी बॅग टेकवून ठेवली, की हवा अडते आणि बॅटरी तापते. साफ करायला काही मिनिटं लागतात, पण ही जाळी आहे हेच अनेक मालकांना माहीत नसतं.

म्हणून रोज नागपूरला एसी लावून जाणारी, वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली १ लाख ८० हजारांची टॅक्सी आणि उन्हात महिनोन्महिने उभी राहिलेली ४० हजारांची घरगुती गाडी, यात कमी किलोमीटरवाली आपोआप चांगली ठरत नाही. उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरत जाते, आणि ते तिला मानवत नाही.

सौदा करण्याआधी गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये नेऊन बॅटरी तपासून घ्यावी आणि तो रिपोर्ट कागदावर मागावा. सर्व्हिसची पूर्ण नोंद बघावी, मीटर मागे फिरवलेलं असेल तर ते तिथेच पकडलं जातं. इन्व्हर्टरच्या वेगळ्या कूलंटबद्दलही विचारावं, कारण ते विसरलं जातं. वॉरंटी उरली असेल तर ती नव्या मालकाला आणि टॅक्सी वापराला लागू आहे का, हे डीलरकडून लिहून घेतलेलं बरं. बॅटरी बदलायला किती पडतील तेही तिथेच विचारून घ्यावं आणि तो आकडा डोक्यात ठेवून भाव करावा.

एक गोष्ट गावातल्या गॅरेजबद्दल. ऑइल, टायर, सस्पेन्शन तिथे बिनधास्त करता येतं. पण बॉनेटखाली नारंगी रंगाच्या जाड वायर दिसतात, त्यातून जीवघेणा करंट जातो. त्यांना प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावायचा नाही.