वरच्या डेकचे दहा रुपये

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. लाँचमध्ये बसून वाचत असाल तर मांडवा येईपर्यंत संपेल.

गेटवेवरून घारापुरीची लाँच सुटली की थोड्या वेळाने एक पोरगा जिन्यापाशी येऊन उभा राहतो. "वर बसायचंय? दहा रुपये एक्स्ट्रा." भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा आपला माणूस हे दहा रुपये मुकाट्याने काढून देतो. खाली सीट आहे, सावली आहे, मग वर का जायचं? वर वारा लागतो, पोरांना सीगल दाखवता येतात आणि मुख्य म्हणजे आपण पाण्यावर आहोत हे समजतं. बोटीचा प्रवास म्हणजे काय, ते त्या दहा रुपयांत आलं.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या आपल्याकडे क्रूझची जोरदार हवा आहे. सप्टेंबर 2025 मध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. फोटो सगळीकडे फिरले. छत कसं आहे, काउंटर किती, सोफे कसले, सगळ्याची चर्चा झाली. पण ज्या जहाजात माणूस चार दिवस राहणार, त्याच्या डेकवर त्याला उभं राहायला जागा कुठे आणि किती, हे कोणी विचारलं नाही. ही चैनीची तक्रार वाटेल. तशी ती नाही. शेवटपर्यंत वाचा.

मागे आईला आणि आत्याला घेऊन मुंबईहून तीन रात्रींची क्रूझ केली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखरे. जन्म नागावात गेला, समुद्र तिला नवा नाही. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाली, "चल, जरा समुद्राशी बसू." आम्ही निघालो. एका मजल्यावर दुकानं, एका मजल्यावर कॅसिनो, मधे मोठा हॉल. लिफ्टने सगळ्यात वर गेलो तर पूल, गाणी आणि ऊन. सावलीतल्या खुर्च्या सगळ्या भरलेल्या. भरलेल्या म्हणजे माणसांनी नाही, टॉवेलांनी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच, फक्त इंग्रजीत.

शेवटी कडेला एक बाक सापडला. आई बसली आणि तिच्यासमोर आला पत्र्याचा भरीव कठडा. उभं राहिलं तर समुद्र, बसलं तर पांढरा रंग दिलेला पत्रा. आई म्हणाली, "एवढं समुद्रात आलो, आणि समुद्र बघायला उभं राहायचं होय रे?"

तिथे काम करणाऱ्या एका मुलाने मराठी ऐकलं आणि जवळ आला. "काकू, कुठल्या तुम्ही?" तो दापोलीचा निघाला. कुठूनतरी एक उंच खुर्ची आणून जाळीचा कठडा होता त्या कोपऱ्यात त्याने आईला बसवलं. मग मला हळूच म्हणाला, "दादा, रोज कोणीतरी हेच विचारतं. फॉर्म भरून देतात लोक. पण बोट तर बांधून झालीय ना!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. घरी आल्यावर जगातल्या नव्या जहाजांबद्दल वाचायला लागलो, तर तिकडेही हाच वाद.

नॉर्वेजियन प्रिमाचं उदाहरण घ्या. इटलीतल्या फिनकॅन्तिएरीच्या यार्डात बांधलेलं हे जहाज 2022 ला प्रवासात आलं. प्रवासी सुमारे 3100. जाहिरातीत जोर होता तो मोकळ्या डेकवर. आठव्या मजल्यावर 'ओशन बुलेवार्ड' म्हणून जहाजाला पूर्ण वळसा घालणारा रस्ता केला, 44 हजार चौरस फुटांचा. बाहेर बसून खायची सोय, पायाखाली काच असलेला पूल, दोन्ही बाजूंना छोटे तलाव. आणि वरच्या डेकवर काय? गो-कार्ट पळवायचा तीन मजली रेस ट्रॅक! भर समुद्रात गाड्यांची शर्यत.

लोकांनी काय म्हटलं ते बघण्यासारखं आहे. आठव्या मजल्याचं अनेकांनी मनापासून कौतुक केलं. पाण्याच्या जवळून, जहाजाला पूर्ण फेरी मारत चालता येतं, हे सुख बऱ्याच नव्या जहाजांवरून नाहीसं झालंय. पण त्याच लोकांनी वरच्या मुख्य पूल-डेकबद्दल नाराजी व्यक्त केली. पूल लहान, भोवतीची जागा अरुंद. जहाज दिवसभर कुठल्याच बंदराला लागत नाही, त्या दिवशी तर तिथे पाय ठेवायला जागा नाही. म्हणजे कागदावर चौरस फूट भरपूर, पण माणूस ज्या वेळी जिथे जातो तिथे कमी.

हे ओळखीचं वाटतंय ना? मुंबईत फ्लॅट बघायला गेलेल्या प्रत्येकाला वाटेल. ब्रोशरमध्ये मोकळी जागा भरपूर असते. ताबा मिळाल्यावर कळतं की ती पार्किंगच्या छतावर आहे, अर्धी क्लबहाऊसने खाल्लीय आणि म्हाताऱ्यांना बसायला बाक दोन.

त्याच प्रिमावर 'हेवन' नावाचा वेगळा विभाग आहे. महागड्या खोल्या, वेगळ्या लिफ्ट, वेगळा डेक, वेगळा पूल. शिवाय मोठ्यांसाठी आणखी एक डेक आहे, त्याचा पास वेगळे पैसे देऊन काढायचा. हे एकट्या या कंपनीचं नाही. एमएससीच्या जहाजांवर 'यॉट क्लब' असतो, तोही जहाजातलं जहाजच. धंदा म्हणून हे मी समजू शकतो. मोकळा डेक स्वतः काही कमवत नाही. बाल्कनीची खोली जास्त दराने जाते, रेस ट्रॅकवर तिकीट लावता येतं. कठड्याला टेकून एक बाई दोन तास लाटा बघत बसली, तर कंपनीच्या वहीत त्या दोन तासांची किंमत शून्य.

म्हणूनच नकाशा काढताना सगळ्यात आधी कात्री लागते ती फुकटच्या जागेला.

पूर्वी असं नव्हतं का? होतंच. डेकवरून वर्गभेद हा बोटींचा जुना आजार आहे. तरी जहाजाला वळसा घालणारा प्रॉमनाड डेक ही लांबच्या प्रवासी जहाजांची ओळख होती. 2004 ला आलेल्या क्वीन मेरी 2 वर तो आजही आहे. सातव्या मजल्यावर, डोक्यावर लाइफबोटी टांगलेल्या, एका फेरीला सुमारे 600 मीटर. आपल्याकडची आधीची पिढी 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती'च्या आठवणी काढते तेव्हा केबिनच्या आठवणी काढत नाही. डेकवर अंथरलेली चटई, शेजारच्याने दिलेला लाडू आणि पहाटे दिसलेला किनारा, हेच सांगते. आपल्या लोकांसाठी बोट म्हणजे डेकच होता.

आता दुसरी बाजू. काही मित्र लगेच म्हणतील, "अरे, मोकळा डेक म्हणजे धोका. पाऊस, वारा, पोरं कठड्यावर चढतात." खरं आहे. 17 जुलै 1947 ला 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, हे अलिबाग-रेवसच्या माणसाला सांगायला नको. लाट आल्यावर डेकवरची माणसं एका बाजूला झाली आणि बोट कलली, असंच आपण ऐकत आलोय. उंचावर माणसांची गर्दी झाली तर बोटीचा तोल बिघडतो, हे कुठलाही तांडेल सांगेल.

पण याचा अर्थ डेक बंद करा असा होत नाही. याचा अर्थ डेकचा विचार बोट बांधायच्या आधी करा, असा होतो. वर किती माणसं येणार ते मोजूनच बोटीची रचना करता येते. बसायच्या जागा पक्क्या बसवल्या की माणसं एका बाजूला धावत नाहीत. कठडा निदान एक मीटर उंच असावा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तेवढा उंच कठडा भरीव पत्र्याचा केला तर बसलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. आडव्या नळ्या लावल्या तर दिसतं, पण पोरं त्यावर शिडीसारखी चढतात. उभ्या सळ्या किंवा मजबूत जाळी लावली तर दिसतंही आणि चढताही येत नाही. ही रॉकेट विद्या नाही. आमच्या गावचा फॅब्रिकेटर पण हे सांगेल. फक्त त्याला वेळेवर विचारायला हवं.

दुसरा आक्षेप असा की, "क्रूझवाल्यांचं आपल्याला काय? ज्याला परवडतं तो जाईल." हाही बरोबर. क्रूझवर तीन दिवस डेक नाही मिळाला म्हणून कोणाचं आयुष्य अडत नाही. पण मंडळी, तीच पद्धत आपल्या रोजच्या बोटीत यायला वेळ लागत नाही, आणि तिथे आपलं अडतं.

मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. गाडीसकट तासाभरात पलीकडे. चांगली सोय झाली, आम्हीही वापरतो. 2025 मध्ये सरकारने पुढचा टप्पा जाहीर केला. भाऊच्या धक्क्यावरून जयगडला तीन तासांत, विजयदुर्गला पाच तासांत. तेव्हा सांगितलेले दर असे होते: इकॉनॉमी 2500, प्रीमियम इकॉनॉमी 4000, बिझनेस 7500, फर्स्ट क्लास 9000 रुपये. चार दर्जे, चार दर. गाड्यांचे दर वेगळे.

आता मला सांगा, गणपतीला गावी निघालेलं कुटुंब, आजी, दोन पोरं, एकाला बोट लागलेली. पाच तास बंद एसी हॉलमध्ये. बोट लागलेल्या माणसाला पहिलं औषध काय? मोकळी हवा आणि लांबच्या क्षितिजाकडे बघणं. त्या 2500 च्या तिकिटात मोकळ्या डेकवर जायचा हक्क आहे की नाही, हे दराच्या पाटीवरच लिहिलेलं पाहिजे. जिन्यावर "बिझनेस क्लास ओन्ली" ही पाटी लागल्यावर भांडून उपयोग नाही.

मुंबईसाठी वॉटर मेट्रोचीही तयारी सुरू आहे आणि आराखड्याचं काम कोची मेट्रोकडे दिलंय. कोचीची सेवा एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली, बोटी कोचीन शिपयार्डच्याच. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. जेटीला तरंगता तराफा आहे, त्यामुळे भरती असो की ओहोटी, जेटी आणि बोट एका पातळीत राहतात आणि व्हीलचेअर सरळ आत जाते. गेटवेच्या ओल्या पायऱ्यांवरून, खलाशाचा हात धरून, हलत्या लाँचमध्ये उडी मारणाऱ्या आपल्या आयांना विचारा याची किंमत. ही सोय नंतर जोडलेली नाही. बोट आणि जेटी यांचा नकाशा एकत्र काढला, म्हणून ती झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रिमावरच्या प्रवाशांनी पैसे भरले, गेले, परत येऊन मत मांडलं. 2025 ला आलेली त्याच मालिकेतली नॉर्वेजियन ॲक्वा सुमारे 10 टक्के मोठी आहे आणि तिच्यावर रेस ट्रॅक नाही. छान झालं. पण आधी बांधलेल्या बोटीवरचा पूल मतं वाचून रुंद होत नाही. पोलादाला नंतर सुचलेलं शहाणपण चालत नाही. त्या कंपनीकडे पुढची बोट बांधायला पैसा आहे. आपल्या किनाऱ्यावर एक बोट आली की पुढची वीस-पंचवीस वर्षं तीच.

म्हणून बोट ठरायच्या आधी मागायच्या गोष्टी लिहितो. भर घाला.

1. कुठल्याही दर्जाचं तिकीट असो, निदान एक मोकळा डेक सगळ्यांना खुला. सुरक्षेसाठी बंद ठेवायचा तर तो सगळ्यांनाच बंद.
2. त्या डेकच्या निदान अर्ध्या भागावर पक्कं छप्पर. मार्च ते मे आपल्याकडे ऊन काय असतं, ते युरोपात नकाशा काढणाऱ्याला माहीत नसतं.
3. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना समुद्र दिसेल असा कठडा, पण पोराला चढता येणार नाही असा.
4. डेकच्याच मजल्यावर संडास. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीन जिने उतरायला लावू नका.
5. बोटीचा नकाशा ठरायच्या आधी तो जेटीवर लावा, मराठीत. रोज जाणारे, कोळी बांधव, तांडेल आणि म्हाताऱ्या बायका यांना विचारा.

पाचवी मागणी मान्य झाली तर पहिल्या चार आपोआप होतील, असा माझा अंदाज आहे.

त्या शेवटच्या संध्याकाळी आई त्या उंच खुर्चीवर बसून होती. दोन तास. काही खाल्लं नाही, काही विकत घेतलं नाही, फोटोही काढू दिला नाही. खाली उतरताना म्हणाली, "आता पैसे वसूल झाले बघ." दापोलीच्या त्या पोराने ती खुर्ची परत जिथून आणली तिथे नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी दुसरं कोणी येणार, आणि तेच विचारणार.

तुमच्यापैकी कोणी जहाजावर काम केलं असेल, किंवा घरातलं कोणी सध्या बोटीवर असेल, तर जरूर लिहा. प्रवासी काय मागतात हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींना टॅग करायचं असेल तर आत्ताच करा. बोट बांधून झाल्यावर नको.