दाह विझवला की कर्करोग विझतो?

‘दाह शमवा, कर्करोग फिरकणार नाही’ असा उपदेश हल्ली फोनवर रोज सकाळी येतो, सोबत हळदीच्या दुधाची कृती. त्यामागचा पूर्वपक्ष मात्र पोरकट नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात नव्वद टक्क्यांच्या आसपास रुग्णांत केरास हे जनुक बिघडलेले असते. माद्रिदच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, की प्रौढ उंदरांत केवळ हा बिघाड पुरत नाही. त्याला दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाची जोड मिळाली की कर्करोग होतो. पुढे २०११ मध्ये इंटरल्यूकिन-६ हा निरोप्या रेणू पेशीतल्या स्टॅट-३ प्रथिनाला चेतवून कर्करोगपूर्व बदलांना पुढे ढकलतो, हेही उंदरांतच दिसले. इतके सगळे मान्य.

आमचा आक्षेप त्यापुढच्या उडीला आहे: निरोप तोडला की रोग थांबेल. ही उडी माणसांवर तपासून झाली आहे. इंटरल्यूकिन-६चा निरोप ज्या जॅक प्रथिनांमार्फत पोहोचतो, ती रोखणाऱ्या रुक्सोलिटिनिबने छोट्या चाचणीत, रक्तात दाहाची खूण जास्त असलेल्या रुग्णांत, आशा दाखवली. मोठ्या चाचण्यांत फायदा दिसेना, म्हणून २०१६ मध्ये त्या थांबवाव्या लागल्या. हळदीचेही तेच. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राने रुग्णांना हळदीतले कर्क्युमिन रोज ८ ग्रॅम दिले. २००८ च्या अहवालानुसार २१ रुग्णांपैकी दोघांत काही परिणाम दिसला. कर्क्युमिन रक्तात उतरतेच फार थोडे. आमटीतल्या चिमूटभर हळदीकडून मग काय अपेक्षा करायची?

असे का होते? कारण इथे खलनायक एकटा नाही. गाठीभोवतीच्या तंतुपेशींना इंटरल्यूकिन-१ हा निरोप्या दाहक रूप देतो, तर टीजीएफ-बीटा हा दुसरा निरोप्या त्याच पेशींना उलट दिशेला ओढतो. हाच टीजीएफ-बीटा सुरुवातीला वाढीला लगाम घालतो आणि नंतर, अनेक गाठींत स्मॅड-४ जनुक गेल्यावर, रोगाच्याच कामी येतो. २०१४ मध्ये तर उंदरांच्या गाठींतून तंतुपेशी काढून टाकल्या, तेव्हा रोग अधिक आक्रमक झाला. एवढ्या गुंत्यातला एकच धागा ओढून काय साधणार?

म्हणून हे रेणू गौण ठरतात का? मुळीच नाही. फक्त त्यांची वेळ ओळखली पाहिजे. उंदरांत दाह पूर्ण ओसरल्यावरही स्वादुपिंडाच्या पेशी त्याची आठवण ठेवतात, असे २०२१ मध्ये दिसले; नंतर केरास बिघडला, तर त्या लवकर बिथरतात. म्हणजे दाह मुळात होऊ न देणे हेच मोलाचे. रोग झाल्यावरही निरोप्यांवरच्या औषधाला एक जागा आहे: २०२४ च्या एका चाचणीत जीडीएफ-१५ हा निरोप्या अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या औषधाने कर्करोगात झिजणाऱ्या रुग्णांचे वजन वाढवले. गाठ विरघळली नाही, पण खंगणाऱ्या माणसाला ते थोडे नव्हे.

तेव्हा दीर्घकालीन स्वादुपिंडदाह असलेल्यांनी तंबाखू आणि दारू आजच सोडावी, डॉक्टरांची तपासणी चुकवू नये, आणि कर्करोगाचे निदान झालेल्यांनी हळदीच्या भरवशावर केमोथेरपी टाळू नये.