सीमोल्लंघन : फळाचे की बीजाचे?

विजयादशमीस सोन्याप्रमाणेच आता वाहनांचीही खरेदी होते. खंडेनवमीला खड्गाच्या जोडीस मोटारीच्या तोंडावरही झेंडूची माळ चढते, आणि त्यात वावगे काही नाही. ज्या साधनावर चरितार्थ चालतो त्याचे पूजन करावे, हाच त्या विधीचा आशय आहे. तथापि दसऱ्याचे दुसरे कर्म जे सीमोल्लंघन, त्याचा आज जरा निराळ्या अंगाने विचार करणे प्राप्त आहे. पूर्वी आपले राजे सीमा ओलांडून बाहेर पडत. आता परदेशी मोटारी सीमा ओलांडून आत येण्यास सिद्ध झाल्या आहेत, आणि देशी गाडी घ्यावी की विलायती, हा प्रश्न केवळ धनिकांच्या दिवाणखान्यातला राहिलेला नाही.

२०२५ च्या जुलै महिन्यातच दोन गोष्टी घडल्या. १५ तारखेस अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपले पहिले दालन उघडले. तेथे मांडलेली विजेवरची मोटार चीनमधील शांघायच्या कारखान्यातून आलेली, आणि किंमत साठ लाख रुपयांच्या घरात. पुढे २४ तारखेस भारत व ब्रिटन यांच्या व्यापारकरारावर सह्या झाल्या. शंभर टक्क्यांहून अधिक असलेले मोटारींवरचे आयात शुल्क ठरावीक संख्येपुरते टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर आणण्याचे त्यात मान्य झाले. त्यानंतर २२ सप्टेंबरला, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. एका हाताने देशी लहान गाडी स्वस्त केली आणि दुसऱ्या हाताने विलायती मोठ्या गाडीसाठी दार किलकिले केले, असे हे धोरण आहे. त्यात विसंगती आहे काय?

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शुल्काचा विचार आला आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर मूल्याचा पाचवा भाग शुल्क घ्यावे, असे आचार्य सांगतात. म्हणजे वीस टक्के. महागड्या परदेशी मोटारीवर २०२५ साली एकूण ११० टक्क्यांच्या आसपास शुल्क होते. त्यापुढे कठोर म्हणून गाजलेला तो राजनीतिज्ञ अगदीच मवाळ वाटतो! पण खरा मर्माचा भाग दुसराच आहे. जो माल राष्ट्रास पीडा देणारा व निष्फळ असेल तो रोखावा. जो महान उपकार करणारा असेल तो, आणि त्याचप्रमाणे दुर्मिळ बीज, निःशुल्क येऊ द्यावे, असा त्यांचा अभिप्राय आहे. फळावर कर घ्या, बियाण्यावर घेऊ नका. मोटारींच्या बाबतीत आपण नेमके याच्या उलट वागत आलो, आणि त्याची किंमत दोन पिढ्यांनी मोजली.

अ‍ॅम्बॅसडर ही मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती बंगालमधील उत्तरपाड्यात बनू लागली आणि २०१४ साली बंद होईपर्यंत तिचा चेहरामोहरा फारसा बदलला नाही. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी ही इटलीची फियाट. दोन्ही गाड्यांनी देशाची सेवा केली, हे कृतघ्न माणूसच नाकारील. परंतु स्पर्धेची झळ लागू दिली नाही म्हणून त्या वाढल्या नाहीत, आणि पैसे भरूनही गिऱ्हाईक वर्षानुवर्षे यादीत तिष्ठत राहिले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. ती गाडी जपानी भागांची जुळणी होती. पण तिच्याबरोबर जे आले ते बीज होते. काचा, दिवे, गिअर, रबरी नळ्या करणारे शेकडो कारखाने त्यातून उभे राहिले. पंधरा वर्षांनी, १९९८ साली, टाटांची इंडिका पुण्याहून बाहेर पडली. २०१८ च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा-चाचणीत पाच तारे मिळविणारी पहिली भारतीय बनावटीची गाडीही टाटांचीच, नेक्सॉन.

आता देशी म्हणजे काय, हेही एकदा विचारले पाहिजे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भदंत नागसेन राजाला विचारतात की, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? आमच्या सीमाशुल्क खात्यालाही हाच प्रश्न पडतो, फक्त तेथे उत्तरावर कोट्यवधींचा हिशेब अवलंबून असतो. सुट्या भागांवर शुल्क कमी, जुळणीस सज्ज अशा संचावर अधिक. २०२४ साली स्कोडा-फोक्सवॅगनच्या भारतीय कंपनीस खात्याने सुमारे १४० कोटी डॉलरच्या मागणीची नोटीस दिली. तुम्ही सुटे भाग म्हणून आणलेत ती वस्तुतः मोटारच होती, असा खात्याचा दावा. कंपनीस तो अमान्य, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. नागसेनांचा वाद निदान जागच्या जागीच संपला होता.

मालकीचे पाहावे तर घोटाळा आणखी वाढतो. हरियाणा-गुजरातेत बनणाऱ्या मारुतीचे बहुतांश भाग-भांडवल जपानी सुझुकीकडे आहे. उलट ज्या ब्रिटिश करारामुळे विलायती गाड्या येणार म्हणून आपण बोलतो, त्यांतल्या जॅग्वार-लँड रोव्हरचे मालक २००८ पासून टाटा आहेत. मर्सिडीज चाकणला जुळते, तेथे आपल्याच मुलांच्या हातांना काम मिळते. आणि अस्सल देशी म्हणविणाऱ्या विजेच्या गाडीच्या पोटात पाहिले, तर बॅटरीतले सेल बहुधा परदेशी निघतात. २०२५ च्या एप्रिलात चीनने विशिष्ट चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घालताच आपले कारखानदार चिंताक्रांत झाले. आजचे दुर्मिळ बीज हे आहे. सेल आणि चुंबक बनविण्याची विद्या ज्या करारातून येईल तो करार मला अधिक मोलाचा वाटतो. चार लक्षाधीशांची गाडी स्वस्त झाली काय नि न झाली काय.

सामान्य गृहस्थापुढचा प्रश्न यापेक्षा पुष्कळ सोपा आहे. सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन जो दारी गाडी आणतो, त्याने ध्वज पाहून नव्हे, तर तालुक्याच्या गावी दुरुस्तीची सोय आहे की नाही, सुटा भाग किती दिवसांत मिळतो, पुढची काच फुटली तर खर्च किती, हे पाहून निर्णय घ्यावा. पूर्ण बांधणीची आयात गाडी या कसोटीस आपल्याकडे क्वचितच उतरते. खेडोपाडीच्या कीर्तनांसाठी ज्या भाड्याच्या गाड्यांतून आम्ही रात्रीबेरात्री हिंडतो, त्यांतली एकही विलायतेहून बांधून आलेली नसते. चालक मंडळी याबाबत पंडितांहून शहाणी असतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची सुरक्षा-चाचणीही सुरू झाली आहे. सोन्याचा कस सोनाराकडून घासून घेणारे आपण, गाडीचे ते गुणपत्रक न पाहता रंग पसंत करून मोकळे होतो. चाचणी ऐच्छिक असल्याने प्रत्येक गाडीस गुण असतीलच असे नाही. जिला नसतील तिच्याविषयी विक्रेत्यास कारण विचारण्यास हरकत नसावी, त्यापायी मुहूर्ताची घटका टळली तरी.