रिपोर्ट ‘ओके’ आहे!

सकाळचे सहा-दहा. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात कंपनीची बस सहा-वीसला येते आणि ती कुणासाठीही थांबत नाही. मी अजून घरातच, डायनिंग टेबलपाशी. मशीन म्हणतंय १६८. मी डायरीत लिहितो १२८. एकच तर आकडा बदलला, त्यात काय एवढं!

आता माझी नोकरी सांगतो, म्हणजे यातली गंमत कळेल. मी चाकणला गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि गेज. एखाद्या ऑपरेटरने न मोजताच चेकशीट भरली, तर त्याच्यावर डाफरण्याचा मला पगार मिळतो. आणि तोच मी, रोज सकाळी स्वतःचा रिपोर्ट शिजवत होतो!

सुरुवात झाली कंपनीच्या वार्षिक तपासणीत. वय ३३, वजन ६४, पोट नाही, सिगरेट नाही. उपाशीपोटी शुगर १५२. लॅबवाल्याने नमुने बदलले असणार, अशी माझी खात्रीच. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. ‘अहो, मी तर बारीक आहे!’ हे माझं ऐकून डॉक्टर हसले. म्हणाले, ‘आपल्या पुण्याचीच गोष्ट सांगतो.’

केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! दिसायला सडपातळ, आतून चरबीवाले. आपल्यापैकी अनेकांचा फंडा हाच असतो. तेव्हा आरशावर विश्वास ठेवू नका, मंडळी.

बाबांनाही शुगर आहे. त्यांचं धोरण सोपं होतं, मोजलंच नाही तर टेन्शनच नाही. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं सेफ्टी शूज घातले. एकदा पायाला फोड आला, तो त्यांना कळलाच नाही. डाव्या पायाची दोन बोटं गेली. म्हणून मी लगेच मशीन आणलं. मी बाबांसारखा नव्हतो ना! मी मोजणारा होतो. फक्त खरं लिहिणारा नव्हतो.

मशीन घेताना मात्र मी चांगलीच क्वालिटीगिरी केली, ती तुमच्या उपयोगाची आहे. ग्लुकोमीटर हजाराच्या आसपास मिळतो, ऑफरमध्ये त्याहून स्वस्त. खरा खर्च स्ट्रिप्सचा. हे प्रिंटरसारखं आहे, प्रिंटर परवडतो, शाई रडवते. त्यामुळे एका स्ट्रिपची किंमत काढा, तिला महिन्याच्या तपासण्यांनी गुणा आणि मगच ब्रँड ठरवा. त्या स्ट्रिप्स घराजवळच्या मेडिकलमध्ये मिळतात का, हे आधी विचारा. घरात आई-बाबा वापरणार असतील तर आकडे मोठे दिसायला हवेत. मोबाइलला जोडणं, रंगीत स्क्रीन वगैरे सगळं त्यानंतर.

आणि अचूकपणा? खोक्यावर ‘आयएसओ १५१९७:२०१३’ शोधा. या मानकाप्रमाणे १०० च्या वरच्या शुगरला १०० पैकी ९५ रीडिंग्ज लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत यायला हवीत. १०० च्या खाली १५ अंकांच्या आत. म्हणजे लॅबमध्ये १५० असेल तर मशीनवर १३० किंवा १७० आलं तरी मशीन पास! आमच्या भाषेत, टॉलरन्स आहे. त्यामुळे पाच मिनिटांत दोनदा टोचून ‘बघा, आठ अंकांचा फरक’ म्हणून दुकानदाराशी भांडू नका. याच कारणाने मधुमेह आहे की नाही, हेही घरच्या मशीनवर ठरवायचं नसतं. ते काम लॅबचं आणि डॉक्टरांचं.

तर माझी डायरी. सगळे आकडे ११० ते १३५. त्यात मी फक्त सकाळीच मोजायचो, तेही आदल्या रात्री नुसती कोशिंबीर खाऊन. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी एचबीए१सी करायला लावली. ही तपासणी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आली ८.६. डॉक्टरांनी कागदावर हिशेब केला, ‘८.६ म्हणजे सरासरी शुगर २०० च्या आसपास. तुझी डायरी म्हणते १२५. मग उरलेली शुगर कुठे गेली रे?’

काय सांगणार? कान गरम झाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘या आकड्यांवर मी तुझी गोळी ठरवतो. तू मला फसवलंस, तर डोस चुकणार तुझा.’

त्या दिवशी चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये बसून एक गोष्ट डोक्यात शिरली. गेजने पार्ट रिजेक्ट केला, तर आम्ही गेजवर चिडत नाही. प्रोसेसमध्ये काय बिघडलं ते शोधतो. मग १६८ दिसल्यावर मलाच नापास झाल्यासारखं का वाटायचं?

तेव्हापासून मी जोडीने मोजतो. खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. रोज नाही, स्ट्रिप्सचा खर्च आहे. आठवड्याला दोन-तीन जोड्या, दर वेळी वेगळं खाणं. कॅन्टीनचे पोहे आणि गोड चहा : ११८ वरून २२६! अर्धे पोहे, मटकीची उसळ, बिनसाखरेचा चहा : १२० वरून १६५. तीच बिर्याणी, पण नंतर प्लांटच्या आवारात वीस मिनिटांची चक्कर, की आकडा चक्क कमी. नाइट शिफ्टच्या आठवड्याचं गणित तर वेगळंच निघालं. साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, असं टार्गेट बहुतेकांना देतात. तुमचं टार्गेट आणि किती वेळा मोजायचं, ते मात्र डॉक्टरांना विचारा.

टोचण्याचंही तंत्र आहे. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा कापून तसंच बोट टोचलंत तर आंब्याची शुगर मोजाल! सुई बोटाच्या कडेला मारा, मधोमध जास्त दुखतं. बोट पिळू नका, हात थोडा खाली सोडा. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेत स्ट्रिप्स खराब होतात. डबी तापलेल्या गाडीत विसरू नका, एक्स्पायरी बघा. आणि लॅबमध्ये जाल तेव्हा मशीन सोबत न्या. रक्त देताना तिथेच बोट टोचा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. झालं कॅलिब्रेशन!

एक सीरियस गोष्ट. आमच्या लाइनवरचे एक काका इन्सुलिन घेतात. सेकंड शिफ्ट संपली, डबा खायचा राहिला, काका बाइकला किक मारायच्या बेतात. घामाने थबथबलेले, हात थरथरत होते. मशीन माझ्या बॅगेत होतं. नवी सुई लावून मोजलं, तर ५४. ७० च्या खाली म्हणजे धोका. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८८. मग बिस्किटं खायला घातली आणि कंपनीच्या गाडीने घरी सोडलं. रात्रीचा चाकण-मोशी रस्ता आणि कंटेनरच्या रांगा आठवल्या, की अजून पोटात गोळा येतो. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी गाडी चालवण्याआधी मोजायलाच हवं.

गेल्या रविवारी बाबांसाठी वेगळं मशीन आणलं. सुई, पेन, मशीन, सगळं ज्याचं त्याचं असलेलं बरं. बराच वेळ त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. मग आपणहून बोट पुढे केलं. पाच सेकंद. २१२.

मी डायरी उघडून क्षणभर थांबलो. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

‘लिही. आहे तेच लिही.’