आभाराच्या पानावरचं नाव

आळेफाट्यावरून शिवनेरी फार लांब नाही. होस्टेलमधली बरीच पोरं शिवजयंतीला गडावरून मशाल घेऊन पळतात, मीही पळलोय. त्यामुळे महाराजांबद्दल कोणी वेडंवाकडं लिहिलं की इथे राग येणारच. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणीतरी रूमवर भांडायला येणार!

जेम्स लेन या अमेरिकन प्राध्यापकाचं महाराजांवरचं पुस्तक २००३ मध्ये आलं. त्यात ऐकीव थट्टेच्या आधाराने एक घाणेरडं विधान होतं, पुरावा शून्य. आक्षेप प्रथम आपल्याच इतिहासकारांनी घेतला. नोव्हेंबरमध्ये प्रकाशकाने पुस्तक भारतातून मागे घेतलं. अभ्यासकांनी अभ्यासकाला खोडलं, विषय इथेच संपायला हवा होता.

पण डिसेंबरात संस्कृतचे अभ्यासक डॉ. श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं. का? तर पुस्तकाच्या आभाराच्या पानावर त्यांचं नाव होतं. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव घुसला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढणाऱ्या, १९१७ सालच्या या संस्थेत कपाटं फुटली, पोथ्या विस्कटल्या. तिचाही गुन्हा तोच, आभार. पुस्तकाला विरोध करणाऱ्यांपैकीच एक, गजानन मेहेंदळे, यांनी निषेध म्हणून आपल्याच शिवचरित्राची लिहून झालेली पानं नष्ट केली. नुकसान कुणाचं झालं, सांगा बरं?

मित्रहो, प्रोजेक्ट रिपोर्टात आपणही लायब्ररीतल्या काकांपासून सगळ्यांचे आभार मानतो. उद्या आपल्या एका वाक्यासाठी त्या काकांना कुणी धरलं तर?

सरकारने त्याच जानेवारीत पुस्तकावर बंदी घातली. उच्च न्यायालयाने ती २००७ मध्ये उठवली, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम केला. म्हणजे सहा वर्षांनी पुस्तक सुटलं. पण जमाव दारात येतो त्या दिवशी मास्तरच्या बाजूने कोण उभं राहणार? माझ्या मते हे कॉलेजने आणि विद्यापीठाने आधीच लेखी सांगितलं पाहिजे. पोलिसात तक्रार संस्थेने स्वतः करावी, सरांकडून खुलासा मागत बसू नये. लिखाण चुकलं असेल तर ते त्या विषयातल्या लोकांनी तपासावं.

हे नसलं की काय होतं ते आपल्याच भागात दिसतं. माझ्या ओळखीच्या एका ग्रुपला कुकडीच्या कालव्यात किती पाणी मुरतं आणि टेलच्या शेतकऱ्याला किती पोचतं, हे मोजायचं होतं. गाईड म्हणाले, "पाण्याचं राजकारण आहे, विषय बदला." गाईडना दोष देत नाही, त्यांच्या पाठीशी तरी कोण होतं? पोरांनी लाइन फॉलोअर रोबोट केला. त्याला कुणाचीच हरकत नव्हती.